टेक्निकल रायटिंगचा कोर्स, ७५,०४० रुपये आणि उलटीपालटी अक्षरं

टेक्निकल रायटिंग म्हणजे यंत्रं-सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देण्याचं काम. त्याच्या कोर्सचा आधी हिशेब. नोंदणी २,००० ('आजच सीट ब्लॉक करा' म्हणून यूपीआयने). कोर्स फी ४८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, म्हणजे ५६,६४०. 'सॉफ्टवेअर लायसन्स' ६,५००. 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन' ९,९००. एकूण ७५,०४०. एकदम एवढे मागितले असते तर कुणीच दिले नसते, म्हणून असे तुकड्यातुकड्यांनी काढले.

पुण्यातली संस्था. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बाकी पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: शनिवारचा मोफत वेबिनार, शेवटी 'फक्त आजच्यासाठी' सवलत, दुसऱ्या दिवसापासून कौन्सेलरचे फोन, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे लोगो आणि '१०० टक्के प्लेसमेंट'. मला यातलं काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण पुस्तकांची प्रुफं वाचून पानामागे जे मिळतं त्यात घर चालत नाही. माझ्याबरोबरच्या ज्या मुली वेळेवर टेक्निकल रायटिंगकडे वळल्या त्यांचं बरं चाललंय, हेही दिसत होतं. शिवाय अभ्यासक्रम कागदावर चोख होता. डिटा आणि एक्सएमएल (मजकुराची रचना ठरवणारे साचे), मॅडकॅप फ्लेअर (मॅन्युअल तयार करायचं सॉफ्टवेअर), एपीआय डॉक्युमेंटेशन, मायक्रोसॉफ्टची स्टाइल गाइड. नोकरीच्या जाहिरातींत हेच मागतात. तपासलं नाही असं मला कुणी म्हणू नये.

आता ज्या गोष्टीने अजून रात्री झोप उडते ती सांगते.

'लाइव्ह प्रोजेक्ट' म्हणून आम्हाला बोअरवेल पंपाच्या कंट्रोल पॅनलचं मॅन्युअल दिलं होतं. फ्लेअरमध्ये विषय लिहिले, पीडीएफ काढली. वाक्यं जागेवर, क्रम बरोबर, पण मधूनच एखाद्या शब्दातली अक्षरं इकडची तिकडे. व्होल्टेजचं स्पेलिंग एका पानावर सरळ, पुढच्या पानावर उलटंपालटं. मूळ फाइल उघडली तर तिथे सगळं शुद्ध. ट्रेनरला विचारलं. "मॅडम, तुमच्या लॅपटॉपचा फॉन्टचा इश्यू आहे, विंडोज अपडेट करा." तेवढ्यात नाशिकच्या एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं, 'सर माझंही तसंच येतंय.' ट्रेनरने चॅट बंद केलं.

फ्लेअरची आवृत्ती ट्रायल असेल तर आउटपुटमधली अक्षरं मुद्दाम विस्कटून येतात. कंपनीच्या स्वतःच्या मदत-पानांवर तसं लिहिलेलं आहे. ट्रायल ३० दिवसांची आणि फुकट. म्हणजे ६,५०० रुपये घेऊन आमच्या हातात फुकटची ट्रायल ठेवली होती. अक्षरं बघण्यावर पोट असलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती आणि तिने काय केलं, तर विंडोज अपडेट केलं. आता हसा. पण वर्ग चालू असताना, चाळीस चेहरे स्क्रीनवर असताना, शिकवणारा माणूस ठामपणे सांगतो तेव्हा आपण आपल्या लॅपटॉपवरच संशय घेतो. तुम्हीही घेतला असता. लायसन्सचे पैसे घेतले तर तुमच्या नावाची लायसन्स की मागा. नसेल तर पैसे देऊ नका.

सर्टिफिकेशनचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनचं सभासदत्व आणि त्यांच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल, असं सांगून ऑक्टोबर २०२५ मध्ये ९,९०० घेतले. ती संस्था जानेवारी २०२५ च्या अखेरीस दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली होती. बंद दुकानाच्या पावत्या फाडत होते. पण ज्या संस्थेचं नाव या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं घेत आलेत ती अजून आहे का, हे कोण शोधत बसतं?

आणि प्लेसमेंट! करारात बारीक अक्षरांत 'प्लेसमेंट असिस्टन्स' होतं, म्हणजे हमी नाही, नुसती मदत. मुलाखत आली ती याच संस्थेत कौन्सेलर म्हणून. पगार १२,००० आणि प्रत्येक ॲडमिशनमागे इन्सेंटिव्ह. म्हणजे मी फसले, आता पुढच्यांना फसवायला बसायचं.

पैसे परत मागितल्यावर ऑफिसला कुलूप. चौकीत गेले. "हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं, तर समोरचा म्हणतो, चारसोबीसचं काय असेल ते वकिलाकडून लिहून आणा. दुसरीकडे पाठवलं, त्यांनी पहिल्या चौकीकडे बोट दाखवलं. एका हेल्पलाइनवर सांगण्यात आलं की पैसे तुम्हीच ओटीपी टाकून दिलेत, यात फ्रॉड काय? अहो, फसवणूक माणूस राजीखुशीने पैसे देतो तेव्हाच होते ना! हिसकावून घेतले असते तर चोरी म्हणाले असते. दुसऱ्या तक्रारीवर संस्थेने उत्तर दिलं की नोव्हेंबर २०२४ ची कोचिंगच्या जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्यांना लागू, आमचे तेवढे नाहीत. त्यांच्याच जाहिरातीत 'हजारो यशस्वी विद्यार्थी' आहेत. स्क्रीनशॉट जोडला होता. कुणी उघडूनही बघितला नाही, तक्रार 'निकाली' म्हणून बंद.

सगळ्यांत संतापजनक फायनान्स कंपनी. ५६,६४० ला 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणत होते, ते चक्क माझ्या नावावरचं कर्ज निघालं. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, ४,७२० चे बारा हप्ते माझ्या खात्यातून. संस्था पळाली तरी हप्ता चालूच, थांबवला तर सिबिल खराब. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन बाहेर पडता येतं. मुदत किती, ते 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदात बघा. मला ते कुणी दाखवलं नाही, फोनवर घाईघाईने सह्या करून घेतल्या. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आता तेच करतेय.

पावतीवरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून मी निर्धास्त. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द. ८,६४० सरकारकडे गेलेच नाहीत. फी भरण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

शिकायचंच असेल तर गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, मायक्रोसॉफ्टची स्टाइल गाइड सगळ्यांना खुली आहे, सोप्या तांत्रिक इंग्रजीचं एएसडी-एसटीई१०० हे मानक मागितल्यावर मोफत मिळतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. त्याच ट्रेनरचा फोटो आता वेगळ्याच नावाच्या संस्थेच्या जाहिरातीत दिसतोय, फी ५२,०००. ऑगस्ट २०२५ च्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर विस्कटलेल्या पीडीएफ डिलीट करू नका. आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि त्या फाइली म्हणजे आपल्याकडचा सगळ्यांत मोठा पुरावा आहे.