चोरटी प्रत की मतपेटी?

पैसे मोजून घेतलेला गेम एका सकाळी उघडेना. पडद्यावर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही. कंपनीने सर्व्हर कायमचे बंद केले होते, आणि गेम तर एकट्याने खेळायचा! चोरटी प्रत उतरवून घ्यावी असं तेव्हा मलाही फार वाटलं. तिला कुलूप नसतं, ती चालते. पण त्याने कंपनीचं धोरण तसूभरही हलत नाही. उलट पायरसीकडे बोट दाखवून ती आणखी कडक कायदे मागते. लहान निर्मात्याचे पैसे बुडतात ते वेगळंच.

मतपेटीची वाट संथ. स्वीडनमध्ये २००६ साली कॉपीराइटचे कायदे सैल करा म्हणणारी पायरेट पार्टी निघाली, २००९च्या युरोपीय संसद निवडणुकीत तिला ७.१ टक्के मतं पडली. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. पण पुढे ॲक्टा या नकली माल आणि पायरसीविरुद्धच्या कडक आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध युरोपभर लोक रस्त्यावर उतरले आणि ४ जुलै २०१२ रोजी त्याच संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. प्रतिनिधी एरवी कंपन्यांचंच ऐकतात, हे खरं; मतदार दाराशी आले की मात्र त्यांना ऐकावंच लागतं.

चोरट्या प्रतीने माझी एक संध्याकाळ निभावेल. मला हवाय तो कायदा: सर्व्हर बंद केले तरी विकलेला गेम चालला पाहिजे. त्यासाठी मी माझ्या खासदारांना पत्र लिहायला घेतलंय.