'कोसला' : आठ महिन्यांत चार वाचक

आषाढात विकत घेतलेली 'कोसला' या आठ महिन्यांत मी दोनदा वाचली आणि घरा-कार्यालयातल्या तिघांना वाचायला दिली. भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत लिहिलेली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आवडते की नाही, हे वाचणारा कुठपर्यंत पोहोचतो यावर ठरते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

माझ्या सहकाऱ्याने साठेक पानांनंतर पुस्तक परत केले. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी तो वैतागला होता आणि वडिलांचे पैसे उधळणारा नायक पांडुरंग सांगवीकर त्याला नुसता उनाड वाटला. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मात्र मेसच्या कारभाराची पाने मित्रांना मोठ्याने वाचून दाखवली आणि पुढे महिनाभर त्याचे एकही वाक्य 'वगैरे'शिवाय संपले नाही. मते परस्परविरुद्ध असली तरी दोघेही तोवर फक्त विनोदाविषयी बोलत होते.

नंतर एका रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, देवी म्हणजे नेमकं काय होतं गं?" पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीने जाते, तिथे तो पोहोचला होता. भारतातला देवीचा, म्हणजे स्मॉलपॉक्सचा, शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. भाच्याच्या पिढीला तो शब्द आजाराचा म्हणून ठाऊकच नाही. तीच पाने वाचताना सासूबाईंनी पुस्तक मांडीवर उपडे ठेवले, दंडावरचे लस टोचल्याचे दोन गोल वण मला दाखवले आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

एवढ्याशा मुलीबरोबर तिच्या पोटी येऊ शकणारी सगळी वंशवेल संपली, हा पांडुरंगाचा विचार मला दुसऱ्या वाचनातही सहन झाला नाही. मोठमोठ्या शब्दांवरचा विश्वास आधीच्या थट्टेने इतका काढून घेतलेला असतो की दुःखाच्या वेळी त्याच्याजवळ सांत्वनाचा एकही तयार शब्द उरत नाही. म्हणून ती थट्टा कंटाळवाणी वाटली तरी गाळून पुढे जाऊ नये, असे मी आवर्जून सांगेन. पांडुरंग गावी परतल्यानंतरचा भाग पहिल्या वेळी मला रेंगाळल्यासारखा वाटला होता. दुसऱ्या वेळी त्यातली गावकऱ्यांची बोलणी मी थांबून थांबून वाचली.

सासूबाई सध्या त्याच भागात आहेत. रोज दुपारी चार-पाच पाने होतात.