नवा सायलेन्सर बसवताना क्लॅम्प की वेल्डिंग?

वेल्डिंग नुकतंच शिकत असाल तर हा प्रश्न तुमच्या हातापेक्षा जुन्या पाइपवर जास्त अवलंबून आहे. गाडी स्टँडवर पक्की टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही) जिथे जोड येणार तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. खपली निघून टोक आत गेलं, तर तिथे क्लॅम्पही धरणार नाही आणि वेल्डिंगचा टाकाही. घट्ट पत्रा लागेपर्यंत पाइप मागे कापावाच लागतो.

पत्रा चांगला असेल आणि एक पाइप दुसऱ्यात दीड-दोन इंच नीट सरकत असेल, तर मी क्लॅम्पच घ्यायला सांगेन. सायलेन्सर वाकडा बसला तरी नट ढिला करून फिरवता येतो, आणि आगीची भीती नाही. फक्त यू-बोल्टचा (इंग्रजी U सारख्या वाकवलेल्या बोल्टचा) क्लॅम्प पाइपला चेपतो. पुढच्या वेळी ते दोन पाइप एकमेकांतून निघता निघत नाहीत. रुंद पट्टीचा क्लॅम्प सगळीकडून सारखा आवळला जातो, म्हणून तोच बरा.

पाइपांचे व्यास जुळत नसतील किंवा टोकाला टोक जोडायचं असेल, तर बहुधा वेल्डिंगच करावं लागतं. अडचण अशी की हा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो. रॉडच्या आर्क वेल्डिंगने नवख्या हाताकडून तो जळतोच. मिग मशीन (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) आणि ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार असेल तरच हात घाला. माझ्या पहिल्या जोडावर मी न थांबता रेघ ओढत गेलो. पत्रा लाल झाला, मधोमध खळगा पडला आणि क्षणात वाटाण्याएवढं भोक! ते बुजवायला गेलो तर कडा वितळून आणखी मोठं झालं. तेव्हापासून कापलेल्या जुन्या पाइपच्या तुकड्यावर आधी सराव करतो. समोरासमोर चार टाके मारायचे, मग बोटाच्या पेराएवढी रेघ, थांबायचं, पुढची रेघ विरुद्ध बाजूला.

गाडीखाली पडून पूर्ण जोड मारायच्या भानगडीत पडू नका, वितळलेलं लोखंड अंगावर पडतं. सायलेन्सर रबरांवर टांगून जागेवर फक्त टाके मारा, मग पाइपसकट खाली उतरवून टेबलावर काम पुरं करा. त्या चार टाक्यांसाठीसुद्धा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वेल्डिंग मशीनच्या अर्थचा चिमटा जोडाजवळच लावा, इंधनाची नळी, टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठे आहेत ते आधी बघून ठेवा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. मुलामा घासून काढा आणि काम उघड्यावर करा. वेल्डिंगने गंजरोधक थर जळतो, तेव्हा जोड गार झाल्यावर उष्णता सोसणारा रंग लावायला विसरू नका.

जोड कुठलाही असो, तपासणी एकच. गाडी उघड्यावर, इंजिन थंड असताना चालू करा, मागच्या नळीवर जाड फडकं धरून वाट थोडी अडवा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती आहे. आवाजाची सवय होते म्हणून ती तशीच सोडू नका: त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही.