नाकाची परीक्षा, घरपोच

पाचापैकी चार तारे. पाचवा रूट बिअर नावाच्या अमेरिकन शीतपेयाने खाल्ला.

पार्किन्सन्सवर, म्हणजे कंपवातावर, मायकल जे. फॉक्स फाउंडेशनचा पीपीएमआय नावाचा अभ्यास २०१० पासून चालू आहे. त्यांच्याकडून वास ओळखायची चाचणी टपालाने घरी येते. अमेरिका-कॅनडात राहणारा, चाळिशी ओलांडलेला, पार्किन्सन्स नसलेला कुणीही ती मागवू शकतो, तीही फुकट. सांगलीला आमच्या अण्णांना हा आजार आहे, म्हणून इथे अमेरिकेत एडिसनमध्ये मी मागवली.

पाकिटात चार पुस्तिका, प्रत्येकीत दहा वास. पानावरची तपकिरी पट्टी पेन्सिलीने खरवडायची, लगेच नाकाशी धरायची आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. वास आला नाही तरी अंदाजाने काहीतरी लिहायचंच, कोरं सोडायचं नाही. चॉकलेट, लिंबू, लवंग, साबण हे पटापट झालं. मग आली अमेरिका. शेपू घातलेलं काकडीचं लोणचं! शेपूची भाजी खाऊन वाढलेल्या बाईलाही ते नाकाने ओळखणं सोपं नाही. रूट बिअरला तर मला थेट आयोडेक्स आठवलं. आमचे हे शेजारून म्हणाले, "झंडू बाम लिही." पर्यायांत दोन्ही नव्हती. भारतात तिथल्या ओळखीच्या वासांची वेगळी चाचणी तयार करून पार्किन्सन्सच्या रुग्णांवर वापरली गेली आहे. आपल्या पिढीच्या नाकाला तीच न्याय देईल.

पण मूळ कल्पनेला पूर्ण मार्क. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो. अण्णांना गॅसवर दूध करपलेलं कळायचं नाही आणि आई "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणून करवादायची. कंप त्यानंतर खूप उशिरा आला. २०२३ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त याच अभ्यासातल्या १,१२३ जणांची माहिती आली. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाच्या बिघडलेल्या रूपाचा माग काढणारी तपासणी पार्किन्सन्सच्या ८७.७ टक्के रुग्णांत होकारार्थी आली. आनुवंशिक कारण नसलेल्या आणि वास गेलेल्या रुग्णांत हाच आकडा ९८.६ टक्के! म्हणजे कण्यात सुई घालण्याआधी कुणाला बोलवायचं, हे ठरवायला या पुस्तिका कामाच्या. या पुस्तिकांनंतरही काहींना पुढे मेंदूच्या डॅट स्कॅनसाठी बोलावतात; पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या ज्या पेशी कमी होतात, त्यांची स्थिती त्यात दिसते.

वास आला नाही म्हणून लगेच घाबरून भारतात फोन लावत बसू नका. सर्दी, सायनस, कोविड, नुसतं वय, कशानेही नाक बसतं. हे निदान नव्हे, चाळणी आहे.

मागवलीत तर सर्दी नसताना करा, आणि घरात फोडणी पडायच्या आत उरका. नवऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवा.