स्क्विड प्रॉक्सी: मस्त आहे, पण बिलाशी ताळा करायला घेऊ नका

आमच्या बारा पीसींच्या सीए ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून स्क्विड चालवतोय, दोन वर्षं झाली. हा प्रॉक्सी, म्हणजे पीसी आणि इंटरनेटच्या मधे बसून कोणी काय उघडलं त्याची लॉगमध्ये नोंद ठेवणारा प्रोग्राम. फुकट आहे, एकदा सेट केलं की परत बघावं लागत नाही, आणि दुपारी कोण क्रिकेट लावून बसलंय ते लॉगमध्ये बरोब्बर सापडतं. पाचपैकी साडेचार.

अर्धा कापला तो डेटाच्या हिशोबासाठी. मार्चमध्ये लॉगची बेरीज ४१२ जीबी आणि ब्रॉडबँडवाल्याच्या पोर्टलवर ६५५! सरांनी मला फैलावर घेतलं, मी कस्टमर केअरला, आणि तिकडून एकच, सिस्टीमला तेच दिसतंय सर.

शेवटी रविवारी चहा घेऊन लॉगच उघडला. आमचा एक आर्टिकल (शिकाऊ सीए) रोज संध्याकाळी स्कॅन केलेल्या फाइली क्लाउडवर चढवतो, सहज ३ जीबी. त्याची ओळ बघतो तर टीसीपी_टनेल/२०० (म्हणजे स्क्विडला आत डोकावता न येणारं एचटीटीपीएस कनेक्शन) आणि पुढे बाइट्स किती, तर ३९ हजार!! म्हणजे नेहमीच्या लॉगमध्ये पीसीकडे आलेलंच धरतात, वर गेलेलं नाहीच, आणि आमचा ब्रॉडबँडवाला दोन्ही मोजतो. त्यात सीसीटीव्ही क्लाउडवर जातो, सगळ्यांचे मोबाइल वायफायवर, यातलं काहीच प्रॉक्सीतून जात नाही मग स्क्विडला कळणार कसं. वर डेटा जातो तो छोट्या पॅकेटांतून, दर १५०० बाइटच्या पॅकेटला निदान ४० बाइट हेडरचे (पत्ता वगैरे), तेही लॉगमध्ये नाहीत, हरवलेली पॅकेट परत पाठवली तर ती पण मीटरवर. उलटही होतं, कॅशमधून (आधी आणून साठवलेल्यातून) दिलेली फाइल स्क्विड मोजतो आणि बाहेरून काहीच आलेलं नसतं, पण हल्ली सगळंच एचटीटीपीएस, कॅशला मिळतंय काय डोंबल.

बिल तपासायचं तर, आमच्यासारखं ऑफिसचं सगळं नेट (प्रॉक्सी न वापरणारं सुद्धा) त्याच मशीनमधून जात असेल तर, त्यावर व्हीएनस्टॅट हा प्रोग्राम टाका, ते बाहेरच्या लॅनकार्डावरचा येणारा-जाणारा सगळा ट्रॅफिक मोजतं. बिलाची सायकल ५ तारखेची असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मंथरोटेट (महिना कुठल्या तारखेला सुरू होतो ते) ५ करायला विसरू नका, मी आधी विसरलो होतो.

पुढच्या सायकलला व्हीएनस्टॅट म्हणालं ६००, पोर्टल ६४४. परत डोकं फिरलं, कस्टमर केअरला फोन लावला, रिंग वाजत असताना स्क्रीनवर नीट बघितलं तर ६०० पुढे जीबी नाही, जीआयबी, म्हणजे १०२४ च्या हिशोबातलं. एक जीआयबी म्हणजे १.०७४ जीबी, त्याने गुणलं, ६४४. गपचूप फोन कट केला.