बंदराच्या कामात क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस: काही महिने रोज वापरल्यानंतर

बंदरासाठी जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती साठवणारी संगणक यंत्रणा, घ्यायचं ठरलं की सादरीकरणात आधी थ्रीडी क्रेन फिरवून दाखवतात. आमच्याकडे त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि पोस्टजीआयएस हा नकाशाची माहिती ठेवणारा डेटाबेस आहे. रोजच्या कामात त्या क्रेनचा आम्हाला एकदाही उपयोग झाला नाही. घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: खोली मोजताना शून्य कुठला धरला आहे?

जमिनीवरच्या नकाशात उंची सहसा सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. सागरी चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे साधारणपणे सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून. भरती-ओहोटीचा फरक मोठा असेल तिथे या दोन शून्यांत काही मीटरचं अंतर पडतं. धक्क्याची कड सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये एका शून्यावर, तिच्या पायथ्याची खोली सर्व्हेत दुसऱ्यावर. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, पण एका नकाशावर आणले की भिंतीची उंचीच जुळत नाही. ज्यांनी आमची यंत्रणा उभी केली त्यांनी सगळे आकडे एकाच रकान्यात भरले होते, डेटमची, म्हणजे कुठला शून्य धरला त्याची, नोंद कुठेच नाही. प्रत्येक सर्व्हेचा मूळ अहवाल काढून ते निस्तरण्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

कारण गाळाचा हिशेब त्यावरच उभा असतो. ड्रेजिंगआधीचा, म्हणजे गाळ उपसण्याआधीचा, आणि नंतरचा मल्टीबीम सर्व्हे (ध्वनिलहरींनी केलेली तळाची मोजणी) क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एकमेकांतून वजा केला की किती गाळ निघाला ते कळतं. दहा हेक्टरच्या पट्ट्यात शून्य नुसता १० सेंटिमीटरने सरकला तरी हिशेबात १०,००० घनमीटरचा फरक येतो, आणि बिल घनमीटरवर असतं. आता दोन्ही सर्व्हे एकाच डेटमवर आहेत. ठेकेदार आणि आमचे अभियंते एकच नकाशा समोर ठेवून बोलतात, त्यामुळे वाद होतो तोही नेमक्या जागेवर बोट ठेवून.

जहाजं आपलं स्थान रेडिओवरून सतत पाठवतात त्या थेट नोंदींबद्दल, म्हणजे एआयएसबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं. एआयएस जे स्थान पाठवतं ते जहाजावरच्या जीपीएस अँटेनाचं. तीनशे मीटरच्या जहाजावर अँटेना मागच्या बाजूला असेल तर नकाशावर धक्क्याच्या एका टोकाला नुसता ठिपका दिसतो, आणि बाकीचं जहाज पुढच्या धक्क्याच्या हद्दीत शिरलंय का ते कळत नाही. पण अँटेनापासून जहाजाचं पुढचं टोक, मागचं टोक आणि दोन्ही बाजू किती दूर आहेत हे चार आकडेही एआयएसच्याच वेगळ्या संदेशात येतात. ते पोस्टजीआयएसच्या क्वेरीत घेऊन, जहाजाच्या हेडिंगप्रमाणे (पुढचं टोक ज्या दिशेला आहे त्याप्रमाणे) फिरवून आम्ही पूर्ण आकृती काढतो. इथे हेडिंगच घ्यायचं. धक्क्याला बांधलेल्या जहाजाची मार्गदिशा, म्हणजे जीपीएसनुसार जहाज सरकतंय ती दिशा, वाटेल तशी फिरत राहते. ड्राफ्टचा, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय त्याचा, आकडा मात्र जहाजावर हाताने भरलेला असतो, म्हणून तो जहाज बंदरात आणणाऱ्या पायलटकडून खात्री करून घेतल्याशिवाय कधी वापरत नाही.

इलेक्ट्रॉनिक चार्टच्या एस-५७ या मानक स्वरूपातल्या फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडतात, पण जहाजावरच्या पडद्यासारखी चिन्हं आपोआप येत नाहीत. खोलीचे बिंदूही गठ्ठ्याने येतात. आयात करताना ते सुटे करायचा आणि खोली वेगळ्या रकान्यात काढायचा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर बिंदू दिसतात आणि आकडे दिसत नाहीत. जहाज चालवायला हा नकाशा नाहीच. तो ऑफिसच्या कामासाठी आहे, हे हार्बर मास्टरच्या खोलीत प्रत्येकाला स्पष्ट असायला हवं.

बोलार्ड (दोर बांधायचे खांब), फेंडर (धक्क्यावर जहाज आदळू नये म्हणून लावलेल्या गाद्या), पाण्याच्या लाइन, केबल हे सगळं एकदा सेंटिमीटरपर्यंत अचूक अशा आरटीके जीपीएसने नीट मोजून घेतलं की पुढे त्रास नाही. फक्त फेंडर बदलला की त्याच दिवशी नोंद करणारा माणूस ठरलेला हवा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती धोकादायक मालाची लेअर. बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी स्फोट झालेलं अमोनियम नायट्रेट (मुळात सुमारे २,७५० टन) कित्येक वर्षं १२ क्रमांकाच्या गोदामात पडून होतं. नकाशा असता तर ते टळलं असतं असा दावा मी करणार नाही. तिथे कागदपत्रं अनेक टेबलांवर फिरली होती. पण कुठल्या गोदामात काय आहे, किती दिवसांपासून आहे आणि शेजारी काय ठेवलंय, हे ड्यूटीवरच्या अग्निशमन अधिकाऱ्याला कोणाला फोन न करता दिसलं पाहिजे. आमच्याकडे आता दिसतं. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त पडून राहिलेला माल लाल होतो आणि तो रंग कोणालाही हाताने बदलता येत नाही, माल हलल्याची नोंद झाली तरच जातो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एस-१०० ही सागरी माहितीची नवी मानकं आत्ताच लक्षात घ्यावीत. १ जानेवारी २०२६ पासून जहाजांवर त्यावर आधारलेले एक्डिस, म्हणजे जहाजावरचे इलेक्ट्रॉनिक चार्टचे पडदे, वापरायला आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) मुभा आहे, आणि २०२९ पासून नव्याने बसवले जाणारे एक्डिस त्याच मानकाचे लागतील. त्यातलं एस-१०२ समुद्रतळाच्या दाट खोलीसाठी आहे, एस-१०४ पाण्याच्या पातळीसाठी. दोन्हींसाठी लागणारी माहिती बंदराच्या सर्व्हे विभागाकडे असतेच. ती कुठल्या शून्यावर आहे, एवढं आधी तपासून ठेवा.