ग्लेशियर गॉगल: काच किती काळी यापेक्षा बाजू किती बंद ते पाहा

उंच बर्फाळ डोंगरांसाठी बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचे गॉगल मिळतात. एक, बाजूंना झडपा असलेला कॅटेगरी ४चा ग्लेशियर गॉगल. दोन, उजेडाप्रमाणे गडद-फिका होणारा फोटोक्रोमिक. तीन, फोमची कड असलेला स्कीइंगचा मोठा गॉगल. हिमनदीवर किंवा ताज्या बर्फावर दिवसभर चालायचं असेल तर पहिलाच घ्या. दुसरा काही अटींवर चालतो. तिसरा सॅकमध्ये असावा, पण फक्त त्याच्या भरवशावर जाऊ नये.

आधी काचेबद्दल, कारण खरेदीत सर्वात जास्त घोळ इथेच होतो. आयएसओ १२३१२-१ या मानकात कॅटेगरी ३ची काच ८ ते १८ टक्के दृश्य उजेड आत येऊ देते, तर कॅटेगरी ४ची ३ ते ८ टक्के. हा अंक बहुधा काडीच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. हिमांधत्व (बर्फावर डोळे भाजल्यासारखी होणारी तात्पुरती इजा) मात्र दिसणाऱ्या उजेडाने होत नाही, अतिनील किरणांनी होतं. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचसुद्धा हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. मग इतकी काळी काच कशाला? बर्फावरची तिरीप सहन झाली नाही की माणूस डोळे चोळत राहतो, कंटाळून गॉगल काढतो, आणि इजा तिथेच होते. याच्या उलट, नुसती रंगवलेली आणि अतिनील किरण न अडवणारी काळी काच घातली की डोळे मिचकावायचे थांबतात, बाहुली विस्फारते आणि डोळा किरणांसमोर उघडा पडतो. म्हणून 'यूव्ही ४००' (४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच) किंवा मानकाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो गॉगल कितीही काळा असला तरी ठेवून द्या.

आता झडपा. आमच्या मते या गॉगलची खरी किंमत इथे आहे. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो (कोरडी वाळू साधारण १५ टक्के), आणि दर १००० मीटर उंचीला या किरणांचं प्रमाण १० ते १२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे मारा वरून जितका, जवळपास तितकाच खालून आणि बाजूंनी. टोपीची कड इथे फारशी कामाला येत नाही. दुकानातच गॉगल घालून आरशासमोर उभे राहा आणि दिवा किंवा टॉर्च कानाच्या बाजूने, मग गालाखालून दाखवा. डोळ्याच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ दिसली तर चौकट तुमच्या चेहऱ्याची नाही. सर्वात जास्त फट नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालावर राहते. नाकावरची पट्टी वाकवता येणारी असेल तर बरं. काढता येणाऱ्या झडपा सोयीच्या वाटतात, पण त्या हरवतात, म्हणून जोडलेल्याच घ्याव्यात.

या गॉगलचा मोठा दोष म्हणजे वाफ धरणं. झडपा बंद, आत घाम, त्यात तोंडावर ओढलेल्या कापडातून श्वास वर येतो आणि काच पांढरी होते. झडपांना बारीक छिद्रं असलेलं मॉडेल यात सरस ठरतं. कापड नाकपुड्यांच्या खाली ठेवा. थांबल्यावर गॉगल कपाळावर चढवू नका, घामाने तो तिथेच धुरकटतो. काच आतून ओली असताना घासलीत तर वाफरोधक लेप निघून जातो, त्यामुळे फक्त टिपून घ्या.

दुसरा दोष पहाटेचा. उजाडण्यापूर्वी कॅटेगरी ४मधून वाट दिसत नाही, आणि गाडी चालवायला तर ती मुळीच नाही. इथे फोटोक्रोमिक उपयोगी पडतो, पण त्यावर '२-४' असा पल्ला हवा. '१-३' असेल तर हिमनदीसाठी तो अपुरा. थंडीत ही काच अधिक गडद होते आणि परत फिकी व्हायला वेळ लावते, हे सावलीच्या घळीत शिरताना लक्षात ठेवा. पोलराइज्ड काचेसाठी जास्त पैसे घालू नयेत असं आमचं मत आहे, कारण कठीण बर्फाची चकाकी ती कमी करते, आणि ती चकाकी पाऊल टाकताना इशारा देते.

चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवलेला ग्लेशियर गॉगल घ्यावा, किंवा चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल. गळ्यात अडकणारी दोरी हवीच, वाऱ्यात गॉगल उडतो. आणि गटात किमान एक जादा जोड हवा. ढग आहेत म्हणून गॉगल काढणं ही नेहमीची चूक, कारण पातळ ढगांतून अतिनील किरण आरामात खाली येतात.

एवढं करूनही चूक झाली तर ती लगेच कळत नाही. ६ ते १२ तासांनी, बहुधा रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, पापण्या उघडत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. डोळे चोळू नका. अंधारात पडून राहा, बंद पापण्यांवर थंड ओल्या कापडाची घडी ठेवा, चालत असेल ते वेदनाशामक पोटातून घ्या आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार घाला. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं प्रतिजैविक मलम असेल तर तेही लावावं. डोळा बधिर करणारे थेंब मात्र पुन्हा पुन्हा घालू नयेत. त्यांनी आराम पडतो, पण पारपटलाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जखम भरायला उशीर होतो आणि कायमचं नुकसान होऊ शकतं. साधारण २४ ते ७२ तासांत डोळे बरे होतात. ४८ तासांत उतार नसेल, पू येत असेल किंवा एकाच डोळ्याला त्रास असेल तर कारण वेगळं असू शकतं, डॉक्टर गाठा. उंचीवर दुखत नसताना धूसर दिसू लागलं तर ते हिमांधत्व समजू नका, खाली उतरा.

गॉगल फुटला किंवा दरीत गेला तर जाड पुठ्ठा किंवा चिकटपट्टीचे थर डोळ्यांच्या आकाराने कापा आणि त्यात काडेपेटीच्या काडीएवढी बारीक आडवी चीर ठेवा. इनुइट लोक हाड, हस्तिदंत आणि लाकडाचे असेच चिरेचे गॉगल पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. एकच काच फुटली असेल तर उरलेल्या चौकटीवरच पट्टी चिकटवून चीर ठेवता येते. आजूबाजूचं कमी दिसतं, म्हणून भेगांच्या भागात दोराला बांधूनच आणि डोळे शाबूत असलेल्या सोबत्याच्या मागे चाला.